बाल्कनीतला ‘हमिंगबर्ड’ खरं तर कोण? शिंजीर ओळखायला शिकताना

दर वर्षी थंडी सरत आली की ओळखीच्या कुणाकडून तरी मला एक फोटो येतो. जास्वंदीवर बसलेला, अंगठ्याएवढा, बाकदार चोचीचा काळसर पक्षी. खाली लिहिलेलं असतं, ‘आमच्याकडे हमिंगबर्ड आलाय!’ त्यामागचा आनंद अगदी खरा असतो, फक्त नाव चुकलेलं असतं. हमिंगबर्ड भारतात नाहीत. त्यांच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिकेच्या दोन खंडांत, अलास्कापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज युरोपातही होते, तसे जीवाश्म जर्मनीत सापडले आहेत. आज मात्र आपल्या बाजूच्या जगात एकही नाही.

आपल्या बाल्कनीत येतो तो शिंजीर. कुणी त्याला सूर्यपक्षी म्हणतं, इंग्रजीत तो सनबर्ड. हमिंगबर्डचं जवळचं नातं पाकोळी (स्विफ्ट) या पक्ष्यांशी आहे, तर शिंजीर हा चिमण्या-कावळ्यांच्या भल्यामोठ्या गोतावळ्यातला. फुलांतला मध पिण्याचं एकच काम दोन वेगळ्या घराण्यांनी वेगवेगळ्या खंडांवर पत्करलं, आणि दोघांनाही लांब चोच, लांब जीभ नि चकाकती पिसं लाभली. म्हणून आपली फसगत होते. पण एकदा शिंजीर नीट पाहायला लागलात की हमिंगबर्ड नसल्याची हळहळ उरत नाही. कसं पाहायचं ते सांगतो.

आधी तो पक्षीच आहे ना, ते बघा

संध्याकाळी घाणेरीवर किंवा सदाफुलीवर काहीतरी गुणगुणत, हवेत एका जागी थांबून मध पिताना दिसतं. पंख दिसतच नाहीत, नुसता धूसर पडदा. क्षणात या फुलावरून त्या फुलावर. बहुतेक वेळा तो पक्षी नसून हॉकमॉथ नावाचा पतंग असतो. काही हॉकमॉथ भर दिवसाही उडतात. त्यांतल्या एकाचे पंख काचेसारखे पारदर्शक आणि अंग हिरवट-पिवळं असतं. त्याची अळी अनंताच्या पानांवर वाढते, त्यामुळे दारात अनंत असेल तर हा पाहुणा हमखास भेटतो.

ओळखायला दोन गोष्टी पुरतात. डोक्यावर दोन मिशा दिसल्या, तर पतंग. आणि ज्याला तुम्ही चोच समजता ती चोच नसून सोंड असते, फूल सोडल्यावर ती गुंडाळली जाते. शिंजिराची सवय वेगळी आहे. तोही क्षणभर हवेत फडफडत थांबू शकतो, पण त्याला बसून प्यायला आवडतं. देठाला धरतो, उलटा लटकतो, मान वाकडी करतो आणि चोच फुलात घालतो.

पक्ष्याच्या मागे धावू नका, फुलापाशी बसा

नवे लोक इथेच चुकतात. दुर्बीण गळ्यात घालून चालत सुटतात, ‘चिवीट’ ऐकू आलं की तिकडे वळतात, तोवर पक्षी पुढच्या झाडावर गेलेला असतो. शिंजीर इतका लहान आणि इतका चपळ आहे की पाठलागात तो कधीच हाती लागायचा नाही. पण तो त्याच फुलांवर परत येतो. फुलात मध पुन्हा साठायला थोडा वेळ लागतो, तेवढ्या वेळानं त्याची फेरी होते. म्हणून फुललेलं एक झाड निवडा, त्यापासून दहा-पंधरा पावलांवर सावलीत बसा आणि अर्धा तास हलू नका. सूर्य तुमच्या पाठीशी असू द्या. हे दिशेचं मी मुद्दाम सांगतोय, कारण शिंजिराच्या पिसांची झळाळी रंगद्रव्याची नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून ती उमटते. उन्हाविरुद्ध पाहिलं तर नर कोळशासारखा काळा दिसतो. तोच पक्षी वळला आणि ऊन नेमक्या कोनातून पडलं की निळा, जांभळा, हिरवा पेटून उठतो.

वेळ सकाळची, सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास. उन्हाळ्यात नऊनंतर हालचाल मंदावते.

आणि झाड कोणतं? हे ऋतूवर आहे. जानेवारी ते मार्च हा शिंजीर पाहायचा सर्वांत चांगला काळ, कारण तेव्हा आपल्याकडची मोठी लाल फुलं उघडतात: पांगारा, काटेसावर, मग पळस. या झाडांची पानं तेव्हा बरीचशी गळून गेलेली असतात, म्हणजे पक्षी लपायला जागाच नाही. फुललेल्या काटेसावरीखाली एक सकाळ बसलात तर शिंजिरांबरोबर मैना, बुलबुल, कोतवाल, पोपट असा सगळा गाव येऊन जातो. डोंगरउतारांवर याच दिवसांत धायटी लाल होते. तिची झुडपं कमरेएवढी, त्यामुळे पक्षी अगदी डोळ्यांच्या पातळीवर येतो. मला स्वतःला नवख्यांसाठी धायटीच सर्वांत योग्य वाटते. उंच काटेसावरीकडे बघून मान दुखते आणि पोटाखेरीज काही दिसत नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतर मुरुडशेंग बघा. तिचं ताजं फूल लाल असतं, जुनं झालं की निळसर-राखाडी पडतं. शिंजीर लाल फुलाकडे कसा वळतो हे शांतपणे पाहण्यासारखं आहे. शहरात राहात असाल तर केळफूल, शेवगा, जास्वंद, कर्दळ, यांतलं काहीतरी शंभर पावलांच्या आत असतंच. आंब्यावर वाढलेलं बांडगूळही विसरू नका. बागायतदाराला ते नकोसं, आणि त्याची बाजू मला कळते. पण त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर ज्या आवडीनं येतात, ते बघून माझा त्या झुपक्यांवरचा राग बराच कमी झालाय.

आमच्या भागातल्या रस्त्यावर एक जुना पांगारा होता. एका वर्षी ऐन कळ्यांच्या दिवसांत तो तारांना लागतो म्हणून बोडका केला गेला. त्या फेब्रुवारीत तिथे एकही शिंजीर दिसला नाही. छाटणी पावसाळ्याआधी, मे महिन्यात करता येते, तोवर फुलोरा उरकलेला असतो. तुमच्या सोसायटीत असा विषय निघाला तर एवढं एक वाक्य जरूर बोला.

कान आधी, डोळे नंतर

शिंजीर दिसण्याआधी ऐकू येतो. जांभळा शिंजीर तारेवर किंवा झाडाच्या अगदी शेंड्यावर बसून ‘चिवीट्-चिवीट्-चिवीट्’ असा तीक्ष्ण, घाईघाईचा सूर लावतो. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज निघतो यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. फोनवर मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे, ते आवाज ऐकून नाव सुचवतं. शिकताना त्याची मदत घ्या, पण नाव आलं म्हणून वहीत लिहून टाकू नका. तो पक्षी डोळ्यांनी पाहा, मगच लिहा. आणि ॲपवरचा आवाज मोठ्यानं वाजवून पक्ष्याला बोलावणं तर अजिबात नको. विणीच्या दिवसांत नर तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजतो आणि सगळं सोडून भांडायला येतो.

दोन नर, दोन माद्या: एवढं आलं की बरंच आलं

महाराष्ट्रात गावा-शहरांत दिसणारे शिंजीर मुख्यतः दोन जातींचे. कोरड्या, मोकळ्या मुलखात, म्हणजे देशावर, मराठवाड्यात, विदर्भात जांभळा शिंजीर जास्त. कोकणात नि दमट, झाडीच्या भागात पंचरंगी शिंजीर जास्त. मुंबई-पुण्यात दोघेही एकाच बागेत दिसतात.

जांभळा शिंजीर, म्हणजे पर्पल सनबर्ड, चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर. विणीच्या काळात नर आपादमस्तक गडद, निळा-जांभळा. पोटही गडद, कुठे पिवळं नाही. मादीला किंवा दुसऱ्या नराला दाखवायला पंख फुलवले की काखेतून पिवळ्या-केशरी पिसांचा छोटा झुबका डोकावतो. तो दिसला तर तो दिवस चांगला गेला म्हणायचं.

पंचरंगी शिंजीर, म्हणजे पर्पल-रम्प्ड सनबर्ड, त्याहून किंचित लहान. याचं पोट पिवळं असतं, बगलांकडे पांढुरकं होत जाणारं. पाठ तांबूस-तपकिरी, गळा जांभळा, छातीवर आडवा गडद पट्टा, आणि डोक्यावर हिरवी झळाळी, तीही ऊन नीट पडलं तरच. दोन नरांत फरक करायचा तर आधी पोट बघा. गडद असेल तर जांभळा, पिवळं असेल तर पंचरंगी.

इथपर्यंत सोपं आहे. अडचण पावसाळा संपल्यावर येते. जांभळ्या शिंजिराचा नर विणीनंतर आपला झगमगता वेष उतरवतो आणि साधारण सप्टेंबर ते डिसेंबर मादीसारखा दिसायला लागतो: वर मातकट-हिरवट, खाली पिवळसर. फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टी राहते, पेनानं ओढलेल्या रेघेसारखी. पुस्तकात याला वेगळी जात समजून शोधत बसणारे कितीतरी लोक मी पाहिलेत. जानेवारीत हीच रेघ पसरत जाते, अंगावर निळे-काळे ठिपके उमटतात आणि महिन्याभरात तो पुन्हा पूर्ण जांभळा होतो. दर आठवड्याला त्याच फुलापाशी बसलात तर हा बदल तुमच्या डोळ्यांसमोर घडेल. पंचरंगी नर असा वेष बदलत नाही.

आता माद्या. बहुतेक लेख नराचे रंग सांगून थांबतात आणि मादीला ‘फिकट’ म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही. अर्धे शिंजीर माद्या आहेत, आणि घरटं बांधणारी तीच. पंचरंगी मादीचा गळा पांढुरका असतो आणि त्याखाली छाती पिवळी. जांभळ्या मादीचा गळा आणि छाती सलग पिवळसर, मध्ये पांढरं काही नाही. म्हणजे मादी दिसली की नजर सरळ गळ्यावर न्या. महिनाभर एवढाच एक नियम पाळलात तर माद्या आपोआप ओळखू येतील.

कोकणात, गोव्यात आणखी एक नर भेटू शकतो. तो जांभळ्या शिंजिरासारखाच गडद, पण चोच डोळ्यांत भरण्याइतकी लांब नि अधिक वाकलेली, पंख नि पोट तपकिरी, छातीवर तांबूस पट्टा. तो लोटेनचा शिंजीर.

नकली भिडूही लक्षात ठेवा. फुलटोच्या नावाचा पक्षी शिंजिराहून लहान, मळकट रंगाचा, चोच आखूड. तो ‘टिक्-टिक्’ करत बांडगुळाची फळं शोधत असतो. बांडगुळाच्या फुलांना परागकण शिंजीर पोचवतो आणि त्याच्या बिया फुलटोच्या दुसऱ्या फांद्यांवर नेऊन चिकटवतो, असं त्यांचं काम वाटलेलं आहे. चष्मेवाला नावाच्या पक्ष्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं. शिंपी पक्ष्याची शेपटी उभी आणि डोकं तांबूस.

घाटात गेलात तर

घराजवळचे दोन ओळखता यायला लागले की मगच सह्याद्रीत जा. उलट क्रमानं गेलेले लोक जंगलात गोंधळतात.

सह्याद्रीत दोन शिंजीर असे आहेत जे पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच नाहीत. पहिला विगर्सचा शिंजीर. नराचा गळा आणि छाती किरमिजी लाल, त्यावर बारीक पिवळ्या रेघा, पोट राखाडी, शेपटी लांब. १८३२ साली कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही दख्खनच्या पक्ष्यांचा अभ्यास करताना. म्हणजे हा पक्षी विज्ञानाला माहीत झाला तोच आपल्या भागातून. तो बघायला फार लांब जावं लागत नाही. मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य, ही त्याची ओळखीची ठिकाणं. थंडीच्या अखेरीस, पहाटे गेट उघडताच आत शिरा आणि फुललेलं झाड गाठा.

दुसरा क्रिमझन-बॅक्ड, म्हणजे किरमिजी पाठीचा. हा फक्त आठेक सेंटिमीटरचा, भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. दाट, सावलीच्या जंगलातला. त्यासाठी दक्षिणेला, आंबोलीकडे किंवा गोव्यात बोंडला, तांबडी सुर्ला या बाजूला जायला हवं. त्याच्या मादीच्या पाठीवर, शेपटीच्या वर लाल ठिपका असतो. इतर माद्यांत तो नसतो. पहिल्या खेपेला दिसला नाही तर मन खट्टू करू नका. पानांत तो पानाएवढाच असतो.

दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची) घ्या. घेताना दुकानातच एक गोष्ट तपासा: दोन-तीन मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते का? शिंजीर बऱ्याचदा इतका जवळ येतो की काही दुर्बिणी त्याच्यावर स्थिरावतच नाहीत.

त्याला घरी बोलवायचं असेल तर

बाजारात लाल प्लास्टिकची ‘हमिंगबर्ड फीडर’ नावाची बाटली मिळते, साखरपाणी भरायची. ती घेऊ नका. आपल्या उन्हात साखरपाणी लवकर आंबतं, बाटलीत बुरशी धरते, आणि रोज उकळत्या पाण्यानं ती धुणारी माणसं फार थोडी. त्याऐवजी दोन कुंड्या लावा.

एक गावठी, एकेरी लाल जास्वंद. गुच्छासारखी दुहेरी जास्वंद दिसायला भरगच्च, पण तिच्या पाकळ्यांच्या गर्दीत चोच घालायला वाट सापडत नाही. जास्वंदीवर शिंजीर काय करतो ते नीट बघा: पुष्कळदा तो फुलाच्या तोंडातून आत जातच नाही, मागे देठापाशी चोच टोचून थेट मध काढतो. परागकण अंगाला लागत नाहीत, फुलाला काही मिळत नाही.

दुसरी कुंडी हॅमेलियाची, केशरी-लाल नळीच्या फुलांची. ही कडक उन्हात, थोड्या पाण्यावर बारा महिने फुलते. हॅमेलिया आणि कर्दळ मूळच्या अमेरिकेतल्या, तिकडे त्यांच्यावर हमिंगबर्डच येतात. त्या इथे आल्या आणि शिंजिरानं त्यांना आपलं मानलं. बाल्कनीत हे चालेल. पण अंगण किंवा बांध हाताशी असेल तर मी म्हणेन पांगारा लावा, धायटी लावा, मुरुडशेंग येऊ द्या.

बशीतल्या पाण्यापेक्षा ओली पानं त्याला अधिक आवडतात. सकाळी कुंड्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. शिंजीर पानांवर लोळत अंघोळ करतो.

आणि कीटकनाशक बंद करा. कोळ्याची जाळी सगळीच झाडू नका. शिंजीर नुसत्या मधावर जगत नाही, पिल्लांना तर तो कोळी नि किडेच भरवतो. शिवाय त्याचं घरटं कोळिष्टकांनीच शिवलेलं असतं. ज्या घराच्या कोपऱ्यांत एकही जाळं नाही, तिथे शिंजीर मध पिऊन जाईल, पण संसार थाटणार नाही.

काचेवर कुणी टकटक करत असेल तर तोही बहुधा नर शिंजीरच, आपल्याच प्रतिबिंबाशी भांडणारा. दिवसचे दिवस तो दमून जातो. बाहेरच्या बाजूनं काचेवर कागद किंवा जुनी साडी लावा. गाडीच्या आरशावर पिशवी घाला.

घरटं दिसलं तर

गवताच्या काड्या, सालींचे तुकडे, कोळिष्टकं, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा, यांची लांबट थैली, वाऱ्यावर झुलणारी, बघणाऱ्याला अडकलेला कचरा वाटावा अशी. बाजूला छोटं दार, दारावर पागोळीसारखा पुढे आलेला छज्जा, खाली लोंबणारी शेपटी. शिंजिराचं घरटं बहुतेकांच्या हातून कचरा समजूनच निघून जातं. म्हणून फेब्रुवारी ते मे या काळात कपड्यांच्या दोरीवर, दिव्याच्या वायरीवर, वाळक्या वेलीवर काही लोंबताना दिसलं, तर काढण्याआधी दहा मिनिटं लांबून बघा. मादी ये-जा करत असेल.

अंडी बहुधा दोन. उबवणं साधारण दोन आठवडे, आणि पिल्लं उडायला त्याहून थोडे अधिक दिवस. बांधकामाचे दिवस धरले तर तुमची दोरी दीड महिना त्यांची. उबवण्याचं काम मुख्यतः मादीचं, पण पिल्लांना भरवायला नरही येतो. दोरी सरकवू नका, घरट्यात बोट घालू नका, फ्लॅश मारू नका. पानं किंवा फांदी कापून ‘स्वच्छ’ फोटो काढू नका, त्या पानांमुळेच कावळ्याला घरटं दिसत नसतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या पक्ष्यांना आणि त्यांच्या घरट्यांना संरक्षण आहे, ही गोष्ट रंगकाम करायला आलेल्या माणसांना शांतपणे सांगता येते. बहुतेक जण ऐकतात.

आमच्या गॅलरीत एका मार्चमध्ये पंचरंगी मादीनं वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला घरटं बांधलं. आईनं दुसऱ्याच दिवशी कपडे जिन्यात वाळत घालायला सुरुवात केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटानं गप्प राहायची खूण करायला लागली. पिल्लं उडाली ती सकाळी, सव्वासातला, आधी एक आणि मग बऱ्याच वेळानं दुसरं. ते दुसरं जास्वंदीच्या फांदीवर बसून अर्धा तास नुसतं ओरडत होतं, आणि मादी कोळी घेऊन थोडी लांब, पुढच्या फांदीवर बसली होती. शेवटी त्यानं उडी मारली. घरटं आम्ही पावसाळ्यापर्यंत तसंच ठेवलं, कारण कधीकधी तीच थैली डागडुजी करून पुन्हा वापरली जाते. कपडे अजूनही जिन्यातच वाळतात.